तिसरा दिवस

टेबलावर तीन पुस्तकं, तिन्ही पालथी,
उन्हात पाठ शेकणाऱ्या मांजरींसारखी.
पहिलं, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांवर:
देऊळ नव्हतं त्यांना, कुणाच्या तरी घरी जमत,
भाकरी मोडत, निघताना उरलेली
आजाऱ्यासाठी बांधून नेत.
दुसरं झाडपाल्याच्या औषधांवर.
त्यात पानोपानी 'म्हणतात'.
तिसरं धंद्यातल्या नीतीचं, भाच्यानं अथेन्सहून धाडलेलं,
जाडजूड, आणि दाखले सगळे विमान कंपन्यांचे.

मी आर्गिरो. खिऑस बेटावर, मेस्ता गावात,
संस्थेच्या गोदामात एकतीस वर्षं मस्तगी तोलते.
उन्हाळ्यात झाडांखाली पांढरी माती चाळून अंथरायची,
सालीला बारीक चिरा द्यायच्या,
मग गप्प बसायचं. थेंब घाई केल्यानं गळत नाही.
हिवाळाभर आम्ही बायका चाकूच्या टोकानं
एकेका थेंबाची माती खरवडत बसतो,
आणि गावातल्या सगळ्यांची सालं काढतो.

म्हणतात, एका सैनिकाला त्याच्या देवापायी
या वाटेनं फरफटत नेलं, तेव्हा झाडांना रडू फुटलं.
पुस्तक म्हणतं, गोष्ट पुष्कळ नंतरची.
त्याच्या आधीही झाडं गळतच होती
आणि रोमच्या श्रीमंत बायका
या लाकडाच्या काड्यांनी दात कोरत होत्या.
वाचून मला वाईट वाटलं नाही.
फक्त त्या दिवशी एक थेंब जिभेवर ठेवला
आणि जरा जास्त वेळ चघळला.

वरच्या खोलीत पाहुणा आहे, हॅम्बुर्गचा डेटलेफ.
परवा आला. भला माणूस,
माझा गळका नळ न सांगता दुरुस्त केला त्यानं.
त्याच्या डब्यांवर छापायचंय:
'पोटाचे सर्व विकार मुळापासून बरे होतात.'
खाली संस्थेची सही हवी, म्हणजे माझी.
बदल्यात दर किलोमागे इतकं, की
मी आकडा ऐकून काट्याकडेच बघत राहिले.

पहिल्या पुस्तकात एक नियम सापडला, त्या जुन्या मंडळींचा.
देवाचं नाव घेत कुणी दारी आला, तर ठेवून घ्या.
एक दिवस. अडचण असेल तर दोन.
तिसऱ्या दिवशीही हलला नाही, तर तो खोटा.
पैसे मागितले, तरी खोटा.
पैसे देऊ करणाऱ्याचं काय,
हे मात्र त्या पानात नाही.
त्यांना तशी वेळच आली नसावी.

तिसऱ्या पुस्तकात शोधलं.
तिथे विमानं.

माझा स्त्रातिस दोन वर्षं मस्तगी चघळत होता.
डॉक्टरांच्या गोळ्याही घ्यायचा, मस्तगीही.
चघळली की तास बरा जायचा.
त्या तासात तो खुर्ची ओढून दारात बसे,
येणाऱ्या-जाणाऱ्याला शेंगा देई,
एकदा तर भांडलासुद्धा, पूर्वीसारखा.
मग परत भिंतीकडे तोंड.
त्या तासाचं वजन किती, कुणी विचारलं तर
माझ्याकडे तेवढं बारीक माप नाही.

मापात पाप नको, बाप म्हणायचा,
आणि काट्यावर अंगठा टेकवायचा, गिऱ्हाईक वळलं की.
मी त्याच काट्यावर शिकले.
दोन्ही गोष्टी शिकले.

आज तिसरा दिवस.
डेटलेफ खाली आला, कॉफी घेतली,
कागद सरकवला. पेनही त्याचंच.
सही केली नाही. त्याची ओळ खोडली,
खाली माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं:
'तासभर बरं वाटतं.
एकाच माणसावर पाहिलंय.'

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.
'हे कोण विकत घेईल?' म्हणाला, चिडून नव्हे.
मला माहीत नव्हतं.
मी त्याला चौथ्या दिवसासाठी
भाकरी बांधून दिली.
नळ अजून गळत नाही.