डावा हातमोजा

अचाओच्या धक्क्यावर, बोटीची वाट बघायच्या खोलीत
दोरीला बांधून एक वही ठेवायची ठरली.
आसपासच्या बेटांवरच्या माणसांनी तिच्यात काहीही विचारावं,
ज्याला ठाऊक असेल त्यानं खाली लिहावं.
एवढंच. सोमवारपासून.

एदुविहिस बार्रिआ, तीस वर्षं शाळेत शिकवून मोकळी झालेली,
शुक्रवारी रात्री दिवा लावून बसली.
कोऱ्या वहीत पहिलं कुणी लिहीत नाही
हे तिला वर्गातूनच ठाऊक होतं :
काही विचारायचंय का, म्हटलं की चाळीस माना खाली.

मी तिकिटाच्या काचेआडून बघत होतो.
हिशेब लागत नव्हता म्हणून थांबलो होतो, असं समजा.

तिनं चार पेनं आणली होती, आणि एक पेन्सिल.
आधी निळ्यानं : बटाट्यांना कीड लागलीय, काय करू?
हिरव्यानं उत्तर : राख टाका.
मग काळ्यानं, तिसरंच कुणीतरी : राखेनं काही होत नाही,
माझ्या बापानं जन्मभर टाकली.
मिल्काओत चरबीचे तुकडे घालावेत की नाही
यावर तिनं दोन बायकांचं भांडण लावलं
आणि मधेच स्वतःशी हसली.
एक पान डाव्या हातानं लिहिलं.
एका ठिकाणी मुद्दाम शुद्धलेखन चुकवलं
तेव्हा चेहरा असा झाला
जसा घासात खडा लागावा.
पान सातवर कपाचा तपकिरी गोल उमटवला,
जरा विचार करून, पान नऊवरही.

शेवटी रुपेर्तो नावाच्या कुणाचा
डावा हातमोजा हरवला. लोकरीचा, तपकिरी.
उत्तराला जागा सोडून तिनं वही मिटली.

दूध घरोघर आहे,
विरजणाला चमचाभर दही तेवढं कुणाकडेच नाही,
असा तो प्रकार.

सोमवार आला. लोक वही उघडायचे,
ओठ हलवत वाचायचे, बोट लागली की जायचे.
दुसरा आठवडा. तिसरा.
ती रोज यायची, पानं उलटायची,
मग समुद्राकडे बघत बसायची, जणू त्यासाठीच आली होती.
तिकीट कधी काढलं नाही.

माझ्या टेबलाखाली हरवलेल्या वस्तूंची पेटी आहे.
छत्र्या, एक कवळी, बाळाचा बूट.
हातमोजे अकरा, सगळे एकेकटे.
तपकिरी नव्हता. राखाडी होता, आणि उजवा.
बुधवारी खोली रिकामी असताना
मी तो दाराजवळच्या खिळ्याला अडकवला
आणि रुपेर्तोच्या खाली लिहिलं :
सापडला. उलटा करून घातला तर डावाच आहे.

तिनं वाचलं. दोनदा.
खिळ्यापाशी गेली, हातमोज्यात हात घालून बघितला,
काढून पुन्हा तसाच अडकवला.
माझ्याकडे वळली नाही. मी सुटे पैसे मोजत राहिलो,
तेच ते, पुन्हा पुन्हा.

आणि मग शनिवारी, पेन्सिलीनं,
ओळ सोडून खाली उतरत गेलेल्या गिचमिड अक्षरात :
रुपेर्तो आला तर त्याला सांगा,
माझी शिडी त्याच्याकडे आहे, दोन वर्षं झाली.

मला वाटलं, हे तिचं.
तिला वाटलं असावं, हे माझं.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला, मी काच उघडली,
दोघंही काहीतरी बोलणार होतो.

तेवढ्यात चेलिनच्या बोटीतून उतरलेला एक म्हातारा
टोपी न काढता थेट वहीकडे गेला,
बोटानं ओळ शोधली,
तिच्याखालच्या मोकळ्या जागेकडे
बराच वेळ बघत राहिला.
मग आम्हा दोघांना मिळून विचारलं,
अजून आला नाही का तो?

आज नाही, एदुविहिस म्हणाली.
संध्याकाळच्या बोटीनं, बघू.