पडायच्या आधी या

उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं शेड.
गेट, ग्रिल, उसाच्या ट्रॉलीची फाळकी,
आणि अलीकडं ही दांडी:
स्टीलची, बत्तीस एमएम, दोन्ही टोकांना वाकवलेली,
न्हाणीघरात भिंतीला मारायची.

फोन येतो तो पडल्यानंतर.
मुलगा पुण्याहून बोलतो, आवाजात खुब्याचा एक्स-रे.
"उद्याच बसवा."
मी जातो तेव्हा खाट पुढच्या खोलीत आलेली असते
आणि न्हाणीघर कोरडं.

टेप मी आधी काढतच नाही.
बॅटरी तिरकी धरून भिंत बघतो.
ऑइलपेंटवर, चौकटीला, टाइल्सच्या फटींवरून
एक काळपट डाग असतो तळहाताएवढा,
पुसलेला, परत उमटलेला.
घरच्यांना वाटतं ओल आलीय.
ती ओल नव्हे.
वर्षभर रोज पहाटे कुणीतरी तिथं
आधार मागितलेला असतो भिंतीला,
माणसांना न उठवता.

शुक्रवार पेठेत बाळगोंडा वस्ताद म्हणाले,
"माझी पाठ कधी लागली न्हाई कुणाला. दांडी कशाला?"
म्हटलं, वस्ताद, हौद्यातली माती
तुम्ही ताक-हळद घालून मऊ केलेली.
ही कोटा फरशी, वर साबणाचं पाणी,
हिला कुठला डाव म्हाईत नाही.
हसले. दांडी नाहीच घेतली.
पण मी निघताना बघितलं,
पायातले गुळगुळीत मोजे काढून बसले होते.

मग जानेवारीत एका बाईंचा फोन.
"मी कृष्णाक्का तेरदाळे, राजारामपुरी, नववी गल्ली.
वय एक्क्याऐंशी. अजून पडलेली नाही.
पडायच्या आधी या."

टेलिफोन खात्यात होत्या. शब्द मोजून.
घरातली सगळी पायपुसणी त्यांनी
जिन्याखाली कोंडली होती.
"रात्री उठले की खाटेच्या कडेला बसून तीस मोजते.
बीपीची गोळी आहे, डोकं मागनं येतं."
सून दारातून म्हणाली, लोक काय म्हणतील,
म्हाताऱ्या झाल्या म्हणतील.
"झालेच की," म्हणाल्या.

मी म्हणालो, विचार न करता उठा बघू.
त्या स्टुलावरून उठल्या,
हात आपसूक गेला एका जागी,
तिथंच मी पेन्सिलनं खूण केली.
टाइलमागं वीट लागली, नशीब.
बोल्ट आवळून मी स्वतः लोंबकळलो,
चौऱ्याऐंशी किलो, पाय वर.
"सोडा आता," म्हणाल्या, "माझा नंबर."
तीनदा बसल्या, तीनदा उठल्या,
चौथ्यांदा उगीचच.

संध्याकाळी शेडवर
इलाही फडक्याला थिनर लावून
मागच्या पायऱ्यांशेजारची भिंत घासत होता.
तीनच पायऱ्या आहेत.
खांद्याच्या खाली, ग्रीसचा डाग,
पाच बोटं मोजता येतील असा.
"मामा, हे रोज कोण करतंय?"

राहू दे, म्हटलं.
कानामागची पेन्सिल
लगेच सापडली नाही.