वजा चार

थाळनेरच्या खाली, तापीच्या घाटाला
पांढऱ्या पट्टीवर काळे आकडे रंगवलेत.
ते मी वाचतो. सकाळी आठला एकदा,
पूर असला की तासातासाला,
आणि फोनवर सांगतो एका माणसाला,
ज्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही:
एकशे चौतीस पूर्णांक साठ.

हे एकशे चौतीस कुठून मोजायचं?
नोकरीच्या पहिल्या दिवशी विचारलं होतं.
समुद्रापासून, साहेब म्हणाले.
मी समुद्र पाहिलेला नाही.
सव्वीस वर्षं नदीची उंची सांगतोय
न पाहिलेल्या पाण्यापासून.

हाच आकडा खाली सुरतेला पोचतो
तेव्हा तिथे कुणी गाडी चढावर नेऊन ठेवतं.
इथे हिलाल भोई तोच आकडा ऐकून
विडी विझवतो, जाळं खांद्यावर घेतो,
आता मरळ काठाला येणार.
वत्सला म्हणते, म्हणजे आज डबा घाटावर.

माझं नाव उखर्डू.
माझ्या आधीचे दोघे राहिले नाहीत,
म्हणून मायने मला बाराव्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं,
शेजारच्या झेलाबाईने उचललं,
आणि पसाभर दादर घेऊन परत दिलं.
मरणाने वाचलंच तर केर म्हणून वाचावं,
पुढच्या दाराला जावं.
ते गेलं.
पण पुढे शाळेत हजेरी झाली,
वर्ग हसला,
आणि मीही ते नाव तसंच वाचलं, मरणासारखं.
लग्नात कुणी मागच्या पंगतीला बसवलं
की वाटायचं, बरोबर आहे.
पुढच्या पंगतीला बसवलं
की वाटायचं, चुकून.

यंदा चैत्रात नाशिकहून एक पोरगी आली,
गिरासे आडनावाची, इंजिनिअर.
महादेवाच्या पायरीवर कोरलेली जुनी खूण शोधली,
तिपाईवर यंत्र ठेवून एक डोळा मिटला,
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, काका, पट्टी खचलीय.
चार सेंटिमीटर.
अकरा वर्षांमागच्या त्या मोठ्या पुरात, बहुतेक.
माझ्या वहीत, माझ्या अक्षराशेजारी
तिने लाल शाईने लिहिलं: वजा चार.

चारने कुणी बुडालं नव्हतं.
नदीला तर ठाऊकही नव्हतं.
पण त्या रात्रीपासून मी वजाबाकी करत बसलो.
भास्कर, माझा साडू.
त्याच्या बापाच्या दहाव्याला
त्याची नजर माझ्यावरून सरकून गेली होती.
त्यानंतर मी त्याचा उंबरा चढलो नाही.
आता वाटतं, ती माझ्यावरून गेली
की माझ्यापर्यंत आलीच नव्हती?
वत्सलेला विचारलं. ती पीठ चाळत होती.
"तुमले कोन्ही काही म्हनत नही," ती बोलली,
"तुम्हीच आयकी लेतस."

ठीक. पण पट्टी तपासायला
महादेवाची पायरी तरी आहे.
माझी पायरी कुठली?
माय गेली, झेलाबाई गेली,
उकिरड्याच्या जागी ग्रामपंचायतीने
पाण्याची टाकी बांधली.
मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो एकदा.
एक बाई हंडा भरत होती.
तिला वाटलं, मी नंबरात उभा आहे.

आज श्रावणातली रात्र, तीन वाजलेत.
बॅटरीच्या उजेडात पाणी एका जागी ठरत नाही,
वर चढतं, खाली बसतं.
नियम असा: वरचा पाहा, खालचा पाहा,
मधला लिहा.
सहाच्या आकड्यावर बेडूक बसलाय.
मी त्याला हाकलत नाही.
पाचावरून अंदाज धरतो,
चार वजा करतो,
फोन लावतो.

पलीकडे आज नवा आवाज. कोण बोलतंय?
मी नाव सांगतो.
काय? पुन्हा सांगा, पाण्याचा आवाज येतोय.
मी पाठ नदीकडे करतो,
आणि पुन्हा सांगतो,
आधीपेक्षा सावकाश.