पाठमोरा

अकरा वर्षं मी तुम्मासची पाठ पाहिली.
चेहरा टीव्हीवाल्यांचा,
तोही आम्ही गोल खाल्ल्यावरच ते दाखवायचे.
मी गोलकीपर. माझ्या वाट्याला आलं ते
मानेवरचं भाजल्याचं व्रण, मासळीच्या कारखान्यातलं,
आणि पाच आकड्याखाली पसरत जाणारा घाम:
आधी एक बेट, मग दुसरं,
सत्तराव्या मिनिटाला आमच्या फॅरोची
अठराच्या अठरा बेटं एकमेकांना जोडलेली.

संघ म्हणजे कोण, तर
एक सुतार, दोन मास्तर, पावाची गाडी चालवणारा ओली,
आणि सोमवारी सकाळी सहाला
कॉड सोलायला हजर राहणारा हा.
मोठमोठ्या देशांची राष्ट्रगीतं आम्हाला पाठ झाली होती.
एकदा ऐंशीव्या मिनिटाला
तो वळून न पाहताच म्हणाला,
"सहाच झालेत अजून."
त्या 'च'वर मी पुढचे दोन अडवले.

वारा तर असा की
मी मारलेली गोलकिक
माझ्याच डोक्यावरून मागे जायची.
तो डोक्यानं घ्यायचा सगळं.
ओला, जड, मिठानं फुगलेला चेंडू
कपाळावर, पुन्हा कपाळावर.
आवाज यायचा दारावर मूठ मारल्यासारखा.
आम्हाला वाटायचं, आत कोणी नाही,
मारा खुशाल.

एकदाच, फक्त एकदाच आम्ही पुढे होतो.
एक शून्य. अठ्ठ्याऐंशी मिनिटं.
स्टँडमधले नऊशे लोक श्वास धरून,
टेकडीवरच्या मेंढ्यासुद्धा, असं नंतर सगळे सांगत.
डावीकडून क्रॉस आला, त्याचा गुडघा लागला,
आणि चेंडू माझ्या हाताखालून आत.
मी खांबावर आपटलो.
तेव्हा तो वळला. पहिल्यांदाच, सामना चालू असताना.
वाटलं, आता शिवी देईल, मला नाहीतर देवाला.
तो म्हणाला, "तुला लागलं नाही ना?"

नंतर फेरीवर लागला, स्कालाविकच्या वाटेवर.
गाड्या लावून घ्यायचा:
तळहात वर, ये, ये, अजून ये, बस्स.
जन्मभर लोकांना अडवलं,
आता आत घेण्याचा पगार मिळतो, म्हणायचा,
आणि हे वाक्य त्याला इतकं आवडलं होतं
की दर फेरीला ऐकवायचा.
मग समुद्राखालून बोगदा आला.
फेरी विकली. कुठे गेली कोण जाणे.
त्याची मुलगी सुन्वा मुलींना खेळ शिकवते,
तिनं एकदा नेलं त्याला मैदानावर.
तो तासभर पोरींना फक्त उभं कसं राहायचं ते सांगत होता.
घरी जाताना रस्ता चुकला.
गावात रस्ता एकच आहे.

डॉक्टर म्हणतात, ते हेडर.
मोजता येतील का किती, असं विचारलं त्यांनी मला.
मी काय सांगू?
मी मागे उभा होतो. मी ओरडायचो,
"तुम्मास, तुझा!"
प्रत्येक वेळी मीच ओरडायचो.

गुरुवारी जातो मी, वाऱ्यावर वाळवलेलं मटण घेऊन.
तो मला ओली म्हणतो.
ओली समुद्रात गेला त्याला तेरा वर्षं झाली.
मी दुरुस्त करत नाही. ओलीही चांगलाच होता.
मग आम्ही चढणीवर मेंढ्या बघायला निघतो,
तो पुढे, मी मागे.
गुडघ्यातलं लोखंड कुरकुरतं,
स्वेटर पाठीवर ताणलेला, जुनाच, ढगळ,
कारण आतला माणूस आटलाय.

मध्येच तो थांबतो.
मागे न पाहता डावा हात खाली, बोटं पसरलेली:
जागेवर राहा.
नावं गेली, रस्ता गेला, हात नाही गेला.
मी थांबतो. पाय आपोआप वाकतात,
सत्तरीच्या माणसाचे जेवढे वाकावेत तेवढे.
समोर नुसतं धुकं.
धुक्यात, खरंच, काहीतरी हलतंय.
एक मेंढा,
डावीकडून.