आधणाचा हिशेब

"परवडतो का हो हा नळ?"
ऑड्री थर्केटलबाई विचारतात तेव्हा मी
सिंकखाली उताणा, तोंडात टॉर्च धरलेला,
त्यामुळे माझं उत्तर नुसतंच "हं".

ग्रेट यारमथचं पाणी जड.
जुन्या घरांच्या पाइपांत क्षार असा साचतो
की हातोडी लागली तर पोपडेच्या पोपडे गळतात.
बाईंच्या किटलीच्या तळालाही पांढरं कवच,
चौदा वर्षांचं.
दर रविवारी व्हिनेगर, म्हणाल्या,
दर सोमवारी पुन्हा तेच.

नळाचे पैसे पर्थहून मुलानं पाठवलेत, क्लाइव्हनं.
बाराशे पौंड, माझी मजुरी वेगळी.
दाबा, फिरवा, आलं आधण.
ना वाट पाहणं, ना सणसण, ना खट्ट.

टॉर्च काढून मी हिशेब सांगितला, खरा तो:
टाकी रात्रभर गरम राहते, कुणी प्यायलं नाही तरी.
वीज थोडी, पण खाते.
फिल्टर सहा महिन्यांनी, आणि तो महाग.
जिथं दिवसभर कप भरत असतात तिथं ठीक.
दोघांच्या घरात, बाई, किटलीच स्वस्त.
असं बोलणारा प्लंबर उपाशी मरतो,
असं माझी बायको म्हणते.

मग त्यांनी बाही वर सारली.
मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी, चकचकीत कातडी,
इस्टरच्या आदल्या दिवशीची.
"हात कापतो आता.
भरलेली किटली म्हणजे भरलेली बादलीच."
मी पुढे हिशेब केला नाही.
पान्हा मागितला.

तीन वाजता नळ चालू झाला.
आधी एक फुसकारा, मग फेसाळ पांढरी धार.
बाईंनी हसत कप भरले. माझा, त्यांचा,
आणि तिसरा, मोठा, माशाचं चित्र असलेला, कान तुटलेला.
मग थांबल्या, जिन्याकडे बघत.
कुणी आलं नाही.

वर लेस्ली असतात.
पोरवयात हेरिंगच्या बोटीवर चहा करायचे, वीस माणसांचा.
आता बाईंचं नाव रोज सापडतंच असं नाही,
वार तर नाहीच.
पण किटलीचं खट्ट ऐकलं
की सपाता शोधतात, कठडा धरतात,
आणि अकरा पायऱ्या मोजत खाली येतात, मोठ्यानं.
हाक मारली तर "कोण?" म्हणतात.
खट्टला कधी नाही.

माशाच्या कपावर साय धरली.
किटली खोक्यात होती, मी घेऊन जायची म्हणून.
बाईंनी ती बाहेर काढली,
तळ झाकेल एवढंच पाणी घातलं,
एका हाताला पेलेल एवढं,
आणि बटण खाली दाबलं.

आम्ही दोघं ओट्याशी उभे.
नळात आधण तयार,
आणि आम्ही आधणाची वाट बघतोय.
पाणी सणसणलं. कवच तडतडलं.
खिडकीच्या खालच्या काचेवर वाफ.
खट्ट.

वर पलंग करकरला.
"एक," कुणीतरी म्हणालं. "दोन."
बाईंनी माशाचा कप सिंकमध्ये रिकामा केला,
नळाखाली धरून नवा भरला, वाफाळता.
सातवर आवाज थांबला.
बाईंचा चमचाही थांबला.
"सात," पुन्हा.
मग "आठ".

व्हॅनमध्ये बसून बिल लिहिलं.
नळ बसवणे. झडप एक. सांधे दोन.
जुनी वस्तू हलवणे, दहा पौंड,
हे कागदावर आधीच छापलेलं असतं.
त्यावर आडवी रेघ मारली.
क्लाइव्ह विचारेल, ही रेघ कसली.
विचारू दे.