रिझर्व्हला

घरी मी सांगितलं, स्कूटर घेतली.
आई खाली येऊन दोनदा फिरली तिच्याभोवती,
म्हणाली, मग भाजीची पिशवी कुठे ठेवायची?

एकोणनव्वद साल. खडकीच्या फॅक्टरीतल्या
सुंदरेशन नावाच्या फोरमनची बदली झाली
आणि त्याची काळी सुझुकी, टाकीवर लाल पट्टा,
साडेनऊ हजारांना माझी झाली.
चार हजार भिशीचे. दोन हजार एका बांगडीचे,
ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही,
किंवा कळलं असेल.

बाकीच्या मुली लुनावर, नाहीतर सायकलवर.
मी भावाची जुनी पँट कमरेत आत घेऊन
चोक ओढायची, किक मारायची,
पहिली फुकट, दुसरी फुकट,
तिसरीला ती उठायची
रिकाम्या पत्र्याच्या डब्यात
कुणी मूठमूठ आवळे टाकावेत तशी.
समोरचे परचुरे गॅलरीत येऊन म्हणायचे,
धूर आमच्याकडे येतोय.
यायचाच. निळसर, गोडूस, टू-टी ऑइलचा.
बाकीच्या अत्तर लावून यायच्या ड्यूटीला,
मी तो लावून.

नाना पेठेत हनीफ तांबोळी प्लग काढून
उन्हाला धरायचा. चहाचा रंग पाहिजे, म्हणायचा,
कमी दुधाच्या.
काळा म्हणजे पेट्रोल जास्त पितेय,
पांढरा म्हणजे तापलीय, तुम्ही घाईत असता.
अकरा वर्षांत त्याने मला
मिस्टर काय करतात, हे विचारलं नाही.
हिशोब मात्र दर वेळी पाच रुपयांनी चुकायचा,
त्याच्याच बाजूने.

टेलिफोन एक्स्चेंजची नाइट सहाला सुटायची.
सोलापूर बोला, मिरज बोला,
हेडफोनने कानाची पाळी लाल झालेली.
डिसेंबरात एकदा ढमढेरेला म्हटलं, चल, बस.
ती आधी एका बाजूने बसली,
मग नाक्यावर उतरून, इकडेतिकडे बघून,
सलवार सावरत दोन्हीकडे पाय टाकून बसली
आणि पुढे स्वारगेटपर्यंत हसत होती.

खेड शिवापूरला मिसळ खाल्ली.
परत घाट चढताना गाडीने आचका दिला.
कॉक रिझर्व्हला टाकायला हात खाली नेला,
तर तो कालपासून रिझर्व्हलाच.
गाडी डावीकडे आडवी केली, तळाचे चार थेंब
कार्ब्युरेटरकडे आणले, चोक देऊन
कशीबशी बोगद्यापलीकडे पोचलो,
आणि तिथे ती मेली.

मग उतार.
न्यूट्रल, बंद इंजिन, नुसती चेन टिकटिकतेय,
ढमढेरेच्या पर्समधली नाणी वाजताहेत.
मी तिच्यावर बसून एवढी शांतता
कधी ऐकली नव्हती.
वळणावर खाली धुक्यात शहर दिसलं.
त्यातले निम्मे नंबर आम्हा दोघींना पाठ होते.
रात्रभर ज्यांना एकमेकांशी जोडून दिलं
ते सगळे झोपलेले,
आणि आम्ही कुणालाही न जोडता
घरंगळत घरी येत होतो.
ढमढेरे मागून म्हणाली, ब्रेक नको ना लावूस.

कात्रजला पंपावर उतरताना
तिची पोटरी सायलेन्सरला टेकली.
कोलगेट लावलं. पंपावरच्या पोऱ्याने दिलं.

गाडी मी दोन हजार साली विकली.
धनकवडीच्या एका मुलाने नेली,
गुडघा आधीच कुरकुरत होता
आणि ट्रंक कॉल कुणी लावत नव्हतं.
रडले वगैरे नाही.
पावतीवर माझं नाव त्याने श्रीमान लिहिलं,
ते तेवढं खोडून घेतलं.

आता नळस्टॉपच्या सिग्नलला
चुकून एखादी तसली मागे येऊन थांबते
आणि रिक्षात बसल्या जागी
माझा उजवा पाय उचलला जातो.
रिक्षावाला आरशात बघतो.

ढमढेरे नाशकात असते, लेकीकडे.
व्हिडिओ कॉलवर परवा नातवाला
सलवार वर करून डाग दाखवत होती.
मी म्हटलं, नीट बघ रे, जपानचा नकाशा आहे.
ती म्हणाली, कसला जपान,
कात्रज आहे तो.
आणि फोन आडवा धरला,
चार थेंब तळाशी असल्यासारखा.