वीस टक्के निळा

उणे एकतीस. खाण बंद, मार्च सरेपर्यंत.
तळघरात मात्र पंचवीस अंशांचं खारं पाणी
पंपाशी काहीबाही पुटपुटतंय,
आणि मी स्टुलावर चढून दिव्याची उंची मोजतोय:
पाण्यापासून एक वीत, मग दीड,
मग पुन्हा एक.

पहिल्या खेपेला दिवा पुरता पेटवला होता.
पांढरा शंभर, निळा शंभर,
सकाळी सात ते रात्री अकरा.
डिसेंबरात आमच्याकडे साडेचारलाच काळोख पडतो,
मला वाटलं, उजेड कुणाला नको असतो?
वर ते जांभळ्या फांद्यांचं प्रवाळ आणलेलं, एकशेदहा डॉलरचं,
दुकानातली रोवेना नको नको म्हणत असताना.
गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

नवव्या दिवशी टोकं पांढरी पडली.
बाराव्या दिवशी सगळंच.
बाहेर काढून हातात धरलं
तेव्हा बोटांना ते ओळखीचं लागलं.
हे तर मी रोज कापतो.

तीस वर्षं झाली गारसनच्या खाणीत.
करवतीच्या पात्याखाली पाणी सोडलं
की ओल्या चुनखडीवर उमटतात यांचीच घरं,
कुठे मधाचं पोळं, कुठे साखळी,
एखादं बैलाच्या शिंगाएवढं.
इथे समुद्र होता, उथळ आणि ऊबदार,
फोरमन सांगतो जूनमध्ये सहलीला आलेल्या पोरांना,
आणि पोरं वळून बघतात गव्हाकडे,
मग फोरमनकडे.
त्या पाण्यात किती उजेड उतरायचा
हे मीही त्याला कधी विचारलं नाही.

"मिस्टर हुपालो," रोवेना म्हणाली,
"आमच्या बोलिनाओला हे पायात घुसायचं.
आई लिंबू चोळायची, मी बोंब मारायचे.
इथे इंचावर विकते."
सार्जंट अव्हेन्यूवर बर्फ भुरभुरत होतं,
ती पिशव्यांत हवा भरून रबरं बांधत होती.
"हे मशरूम. तळाशी, सावलीत. हे सहसा दगा देत नाही.
हे झोअँथिड. हातमोजे घाला, विषारी असतात,
आणि तोच हात डोळ्याला लावू नका.
हे हिरवे तारे. यांना वेगळा दगड द्या,
एकदा पसरले की घरजावई.
आणि हे चामड्या. रुसेल. रुसू द्या."

"आणि दिवा?"
"निळा वीस. पांढरा पाच. आठ तास.
दर रविवारी पाच टक्के वाढवा,
अधेमधे हात लावायचा नाही."
"पण मग मला काही दिसणारच नाही."
तिने पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या,
त्यावर माझाच कोट टाकला, गाडीपर्यंत गारठू नयेत म्हणून.
"तुम्हाला दिसावं म्हणून नाहीये तो," म्हणाली.

पहिल्या आठवड्यात मशरूम फुगलं, बशीएवढं नाही,
पण बटणाचं झाकण झालं.
झोअँथिड दुपारी दोनला उघडतात,
माझी सावली पडली की मिटतात.
चामड्याने अंगावर मेणचट साय धरली,
आठ दिवस मेल्यासारखं उभं.
मी दोनदा चिमटा हातात घेतला. दोनदा ठेवला.
काल रात्री ती साय सुटून पंपाकडे वाहत गेली
आणि खालून निघालं कोवळं, पिवळसर,
केसाळ.

ते मेलेलं प्रवाळ खिडकीत ठेवलंय,
खाणीतल्या एका तुकड्याशेजारी.
मारुस्या धूळ पुसताना दोन्ही उचलते,
कुठलं कुठे होतं ते विसरते.

आता ती खाली आलीय लोकर घेऊन.
या उजेडात तिचे दात निळे दिसतात,
माझेही दिसत असणार.
बराच वेळ ती टाके मोजत राहते,
मग काचेकडे बघून विचारते,
"जरा वाढव ना रे. काळोखच आहे."

शुक्रवार आहे.
"रविवारी," मी म्हणतो,
आणि हात बुडाखाली दाबून बसतो.